पडल्या कवदरीची फुलं

सुंदरा मरगळेला कुणी रस्ता विचारला, तर ती हातानं दाखवत नाही, हनुवटीनं दाखवते. हात कधी रिकामे असतील तर ना! काठी असते, चाऱ्याचा भारा असतो, नाहीतर आईनं पाजायला नाकारलेलं एखादं करडू. पौडजवळच्या रिह्याच्या खोऱ्यात खाली भाताची खाचरं, खाचरांच्या मधे आता शहरातल्या लोकांची फार्महाउसं, आणि या सगळ्याच्या वर, डोंगराच्या खांद्यावर, मोजक्या घरांचा धनगरवाडा. त्यातलं शेवटचं घर सुंदराचं. घरामागे कडा. कड्यावर कवदरी.

कवदर म्हणजे रानकेळ. बाजारातल्या केळीची डोंगरात राहणारी चुलत बहीण म्हणा, आणि स्वभावानं हट्टी. घरच्या केळीला बुडातून पिल्लं फुटतात, एक लावली की बघता बघता बाग होते. कवदरीला पिल्लू फुटत नाही. पावसाळ्यात पानांचा थाट करायचा, उन्हाळ्यात नुसता कांद्यासारखा बुडखा उरवून कड्याला चिकटून राहायचं, अशी कैक वर्षं काढायची. मग एखाद्या पावसाळ्यात मधोमध दांडा टाकायचा, लालसर केळफूल खाली लोंबत सोडायचं, आयुष्यात एकदाच फळायचं आणि मरून जायचं. मागे राहतात त्या काळ्या, दगडासारख्या टणक बिया. त्या रुजल्या तर वंश पुढे चालला, नाहीतर कडा उघडा पडला.

म्हणून वाड्यात एक रीत आहे. घरात मूल जन्मलं, की पाचवीला घरातल्या बाईनं कड्याच्या माथ्यावर जायचं आणि कवदरीच्या मूठभर बिया खाली भिरकावायच्या. कुठली बी कुठल्या फटीत अडकेल सांगता येत नाही, पण पुढे कधीतरी पोरांना कडा दाखवून सांगायचं, त्यातली एक तुझी. ही रीत कुणी घातली, कशासाठी घातली, कुणाला ठाऊक नाही. कडा मात्र हिरवा राहिलाय.

सुंदराची मूठ लग्नानंतर कितीतरी वर्षं भरलीच नाही. नवरा सावळा गरीब माणूस, त्यानं कधी शब्दानं दुखवलं नाही. दुखवायला बाकीचे होते. पुढे तिची धाकटी बहीण रजनी बाळंतपणात गेली, तिच्या नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, आणि तिची मुलगी सुंदराच्या पदरात आली. पाचवी केव्हाच होऊन गेली होती. मूल बसायला लागलं होतं. तरी सुंदरा त्या मुलीला पाठीशी बांधून माथ्यावर गेली आणि बिया भिरकावून आली. ही कसली रीत, म्हणून म्हाताऱ्या कुरकुरल्या. सुंदरानं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

ती मुलगी म्हणजे समीक्षा. नाव शाळेतल्या बाईंनी ठेवलं. वाड्यात ती समी. शेळीच्या दुधावर वाढली आणि शेळीसारखीच कुठंही चढायची. एकदा पाणवठ्यावर हंड्यांवरून भांडण झालं आणि एका बाईनं सुंदराला सगळ्यांदेखत ‘वांझ’ म्हटलं. सुंदरा खाली मान घालून हंडा भरत राहिली. समीनं, शाळेतही न जाणाऱ्या त्या एवढ्याशा पोरीनं, जाऊन त्या बाईच्या मनगटाला असा चावा घेतला, की दातांचे वळ किती दिवस गेले नाहीत. “माजी मावशी वांझ न्हाई, मी हाय की,” असं ती रडत रडत ओरडत होती. सुंदरानं तिला लोकांसमोर एक धपाटा घातला आणि घरी आल्यावर पोटाशी धरून इतकं लाडावलं, की सावळा म्हणाला, आता पोरगी वाड्यातल्या सगळ्यांनाच चावत सुटंल.

समी शिकली. पौडला शिकली, पुण्याला शिकली. वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा सावळाला फार हसू आलं होतं. झाडपाला शिकायला पुण्याला कशाला जायला पाहिजे, तो तर दारात आहे, असं त्याचं म्हणणं. पण शेवटच्या वर्षी समी खरोखरच दारातल्या झाडाकडे परत आली. पिकांच्या रानटी नातेवाइकांवर काम करायचं होतं, तिनं कवदर घेतली. कवदरीच्या फुलातली पिवळसर धूळ, म्हणजे पराग, दिसायला कशी असते आणि त्यातली किती जिवंत असते, हे तपासायचं होतं.

तो पावसाळा सुंदराच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. मावशी आणि भाची रोज दिवस कलताना कड्यावर. समीनंच मावशीला शिकवलं: केळफुलाचं वरचं पान नुकतं उचलायला लागलं, की त्याच्या आतली फुलं घ्यायची. आदल्या दिवशीची नाही. कोमेजलेली तर मुळीच नाही. फूल कागदाच्या पाकिटात ठेवायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घामेजतं. सुंदरानं एकदा हाताशी आलेली जुनी फुलं तोडून आणली, तर समी चांगलीच तडकली होती. “मावशी, ही मेली गं! यातलं पराग मेलं. ह्याच्यावरनं झाडाची परीक्षा करायची म्हंजी मढ्याची नाडी बघायची.”

घरात कंदिलाच्या खुंटीखाली समीनं कॉलेजातनं मागून आणलेला सूक्ष्मदर्शक मांडला होता. सुंदरा त्याला दुर्बीण म्हणायची. काचेच्या पट्टीवर फुलातली धूळ झटकायची, वर लाल औषधाचा थेंब सोडायचा, थोडं थांबायचं. जिवंत कण तो रंग आत ओढून घेतात, मेलेले फिकटच राहतात, आक्रसतात. सुंदरानं एक डोळा मिटून वाकून पाहिलं. गोल गोल, अंगावर बारीक खडबड असलेले, आणि लाल. डाळिंब फोडावं तसे. तिला उठवेना.

“ह्ये सगळं जितं?”

“सगळं जितं, मावशी. आपला कडा जिता हाय.”

पुढे समीला नोकरी लागली. कुठं रस्ता, इमारत, धरण व्हायचं असलं, की तिथल्या झाडा-प्राण्यांची पाहणी करून देणारी एक कंपनी होती. समी पुण्याजवळ मारुंजीत भाड्यानं राहायला लागली, स्कूटी घेतली, मग सुटीच्या दिवशी येणं महिन्यावर गेलं, मग सणावर. सुंदराला त्याचं काही वाटत नव्हतं असं नाही. पण पोरगी कामात आहे म्हणजे चांगलंच आहे, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि न विचारणाऱ्यालाही सांगायची.

यंदा गणपतीच्या आधी समी अचानक आली. येताना गुडघ्याला लावायचं मलम घेऊन आली. सुंदराचे गुडघे दोन पावसाळ्यांपासून धरले होते. समीनं खाली बसून स्वतःच्या हातानं तिच्या गुडघ्यांना मलम चोळलं. चोळता चोळता म्हणाली, “मावशी, कवदरीची फुलं लागतील गं परत. कंपनीचं काम हाय.”

“आणते की. सांजच्याला चढते.”

“कड्यावर नको चढूस.” समी मान वर न करता चोळत होती. “दरडीबरोबर ती एक खाली आलीय ना वाटेवर, तिचीच आण. चालतील.”

सुंदरा थबकली. ती कवदर वाटेवर आडवी पडून बरेच दिवस झाले होते. पानं शेळ्यांनी खाल्ली होती, फूल काळपट पडलं होतं. “तू तर म्हणायचीस, असली मेली असत्यात.”

“आता मशिनी नव्या आल्यात. चालतं. तुझे गुडघे बघ आधी.”

झालं. एवढ्या एका वाक्यावर सुंदरा विरघळली. मशिनीचं तिला कळलं नाही आणि कळून घ्यायची गरजही वाटली नाही. पोरीला आपल्या गुडघ्यांची काळजी आहे, कामापेक्षा जास्त आहे, हेच तिनं धरून ठेवलं. पडलेल्या कवदरीची फुलं तिनं गोळा करून दिली, तीही नीट कागदाच्या पाकिटात घालून. त्या दिवसापासून ती रोज मलम लावायची आणि वास आवडत नसतानाही शेजारणींना हुंगायला द्यायची.

घट बसायच्या आधी निरोप आला, की कड्याच्या पाहणीला वनखात्याचे साहेब येणार आहेत. वरच्या पठारावर बंगल्यांची वसाहत होणार होती आणि तिचा रस्ता कडा फोडून काढायचा होता. वाड्याला याची कुणकुण लागली होती. पण कवदरीसारखं झाड तिथं फळतंय-फुलतंय तोवर कडा फोडू देणार नाहीत, असं सगळे एकमेकांना सांगत होते. त्यात पाहणी करणारी आपली समी. सुंदरा तर निर्धास्त होती. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. भाची साहेबांसमोर बोलणार, ते ऐकायचं होतं.

साहेबांचं नाव हैबतराव मोहिते. टोपी काढून कपाळ पुसत ते कड्याखाली उभे राहिले. समीक्षा जीन्समध्ये, गळ्यात ओळखपत्र, हातात काचेच्या पट्ट्यांची पेटी. साहेबांना दाखवायला तिनं सूक्ष्मदर्शकही आणून कंपनीच्या गाडीच्या बॉनेटवर मांडला होता. सुंदरा कौतुकानं अगदी पुढे जाऊन थांबली.

“सर, कड्यावर फुलं दिसतायत छान, पण परागकण आम्ही तपासले,” समीक्षा सांगू लागली. “भिंती दबलेल्या, कण आक्रसलेले. रंग घेणारे जवळजवळ नाहीतच. म्हणजे व्हायबिलिटी शून्याच्या आसपास. ही पॉप्युलेशन इथून पुढे बी धरणार नाही. रस्ता झाला काय नि न झाला काय, ती संपणारच आहे.”

हैबतरावांनी बॉनेटवर वाकून पट्टी पाहिली. “सॅम्पल कुठलं?”

“कड्यावरच्या उभ्या झाडांचं, सर. स्थानिक माणसाकडूनच घेतलंय. या आमच्या मावशी, त्यांनीच काढली फुलं.”

सुंदराला सगळे शब्द कळले नाहीत. पण ‘उभ्या झाडांचं’ हे कळलं. तिला वाटलं, पोरगी चुकली, आता सुधारेल. समीनं सुधारलं नाही. ती मावशीकडे पाहत होती, आणि ती नजर सुंदराच्या ओळखीची होती. लहानपणी दुधाचं भांडं लवंडलं की समी अशीच बघायची: मांजरानं सांडलं म्हण ना, मावशी.

“मावशी, फुलं तुम्ही काढलीत?” साहेबांनी विचारलं.

“व्हय.”

“कड्यावरची? उभ्या झाडाची?”

गुडघ्याचं मलम, मान खाली घालून चोळणारे हात, ‘चालतं’ म्हणताना वर न उचललेले डोळे, हे सगळं सुंदराला त्या क्षणी एकदम कळलं. काळजी कसली? फूल मेलेलंच हवं होतं. तेही मावशीच्या हातचं हवं होतं, म्हणजे कुणी शंका घेणार नाही. आणि तरीही ती म्हणाली, “व्हय. उभ्या झाडाची.”

मांजरानं सांडलं. पोरीची नोकरी आहे, पोरीची अब्रू आहे. कड्याचं काय व्हायचं ते होवो.

मागे उभ्या असलेल्या सावळाला काहीच उमगलं नव्हतं. दर साली बिया पडताना बघणारा माणूस तो. “समे, म्हंजी काय गं? काय झालंय आपल्या कवदरींला?”

समीक्षा वळली. त्याला समजेल असं सांगायच्या घाईत तिची जीभ वाड्याच्या बोलीवर गेली. “काका, म्हंजी कडा वांझ झालाय. फुलतोय नुसता.”

कुणीतरी मागे च्च केलं. सुंदरा समीक्षाकडे बघत राहिली. तिच्या मनात राग नव्हता, निदान आधी नव्हता. ज्या दातांनी तो शब्द बोलणाऱ्या बाईचं मनगट फोडलं होतं, त्याच दातांमधून तो शब्द इतका सहज बाहेर कसा पडला, एवढंच तिला समजेना. मग राग आला. असा आला, की हातातली काठी तिनं जमिनीवर आपटली आणि साहेब दचकून मागे सरले.

“साहेब, म्या आत्ता खोटं बोलले,” सुंदरा म्हणाली. “ती फुलं कड्याची न्हाईत. दरडीसंगं एक कवदर खाली आल्ती. लई दिस वाटंवर मरून पडली व्हती, तिची हायेत. हिनंच सांगितलं, तिचीच आण म्हून. मेल्याली फुलं असत्यात त्ये हिला ठावं हाय. मला हिनंच शिकवलंय.”

“मावशी, काहीतरी गैरसमज...” समीक्षा पुढे आली.

“गप. माझ्या कड्याला वांझ म्हन्तीस?” सुंदराचा आवाज फाटला. “साहेब, सांज व्हायला आलीया. फुलं आता उघडतील. थांबता का जरा?”

हैबतरावांनी एकदा समीक्षाकडे पाहिलं. ती खाली बघत होती. “थांबतो,” ते म्हणाले.

सावळा म्हणाला मी चढतो, शेजारच्या जालिंदरनं तर चप्पल काढली सुद्धा. सुंदरानं दोघांना बाजूला सारलं. बाजूच्या घळीतून, मुळ्यांना धरून, हिरव्या लुगड्याचा काचा मारून ती चढली. खालून सगळ्यांना दिसत होतं, की प्रत्येक पावलाला ती उजवा गुडघा हातानं उचलून वर ठेवतेय. समीक्षालाही दिसत होतं. ती एकदा “मावशी, उतर” म्हणाली, पण इतक्या हळू, की शेजारच्या माणसालाही जेमतेम ऐकू गेलं.

सुंदरा उतरली तेव्हा तिचे कोपर खरचटले होते. कागदाच्या पाकिटातली फुलं तिनं साहेबांच्या हातात दिली, समीच्या नाही. साहेबांनी ती समीक्षाकडे दिली. “इथंच करा. माझ्यासमोर.”

समीक्षानं केलं. हात चुकत नव्हते. पट्टीवर धूळ, लाल औषधाचा थेंब, वर पातळ काच. कड्यावर पहिलं वटवाघूळ आलं होतं, लोंबत्या केळफुलाशी घिरटी घालत होतं. मग हैबतराव वाकले, सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरवला, आणि वाकलेलेच राहिले.

“मावशी, या. बघा,” ते म्हणाले.

सुंदरानं एक डोळा मिटला. गोल गोल, अंगावर बारीक खडबड, आणि लाल. तसेच, त्या पावसाळ्यात होते तसेच. आनंद व्हायला हवा होता. डोळ्यांत पाणी भरलं आणि सगळे दाणे एकमेकांत मिसळले.

रस्त्याचं काम जागच्या जागी थांबलं. नव्यानं, दुसऱ्या माणसांकडून तपासणी झाल्याशिवाय कड्याला सुरुंग लागणार नाही, असं साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि ते गेले. लोक पांगले. समीक्षा पेटी आवरत बसली होती. जी वस्तू आत ठेवायची ती बाहेर काढत होती, पुन्हा ठेवत होती.

“कंपनीनं मला सांगितलं होतं मावशी, हे असंच करून दे म्हणून,” ती शेवटी म्हणाली. “मी नसतं केलं, तर दुसऱ्या कुणी केलं असतं.”

“मग दुसऱ्यानं करायचं व्हतं.”

समीक्षा रडायला लागली. सुंदराचा हात सवयीनं तिच्या पाठीकडे गेला, आणि मधेच थांबला.

“येक विचारते,” सुंदरा म्हणाली. “त्या दिशी गुडघ्याचं म्हनालीस. चढू नगं म्हनालीस. त्यात थोडं तरी खरं व्हतं का गं?”

हो म्हणणं किती सोपं होतं, आणि सुंदरानं तेही मानलं असतं, देवाशपथ मानलं असतं. पण समीक्षानं मघाशी तिला मुळ्या धरून चढताना पाहिलं होतं. तिच्यानं ते बोलवेना. ती पेटी उचलून गाडीत जाऊन बसली.

घरी आल्यावर सुंदराला उंबरा ओलांडता येईना. सावळानं हात धरून तिला आत घेतलं, भिंतीला टेकवून बसवलं, आणि फळीवरची मलमाची नळी काढली. अर्धी संपलेली, तळापासून नीट गुंडाळत आणलेली.

“त्ये नगं,” सुंदरा म्हणाली.

“अगं, पर ह्याचा गुन येतोय की तुला.”

“येतोय. तरी नगं. करंजाचं त्याल आन.”

सावळानं नळी परत फळीवर ठेवली आणि तेल गरम करायला चुलीकडे गेला.